वाजवून झाल्यावर उरलेला जोर

पियानोची पट्टी खाली जाते ती जेमतेम १० मिलिमीटर. मधल्या सप्तकातली पट्टी खाली जायला साधारण ५० ग्रॅम वजन पुरतं; खर्जाकडे थोडं जास्त, तार सप्तकाकडे थोडं कमी. आणि हे १० मिलिमीटरही सगळे कामाचे नाहीत. पट्टी तळाला टेकण्याच्या जरा आधी आतली यंत्रणा हातोडीला सोडून देते. त्या क्षणी हातोडी तारेपासून दीड-दोन मिलिमीटरवर असते आणि उरलेलं अंतर ती आपल्याच वेगाने कापते. म्हणजे सूर उमटतो तेव्हा बोटाचा हातोडीशी संबंध संपलेला असतो. त्यानंतर पट्टी कितीही दाबा, मनगट कितीही आवळा, दातओठ खा. त्या सुरात तसूभर फरक पडत नाही. चेंडू हातातून सुटल्यावर त्याच्यामागे दंड ताणून धरण्यासारखंच ते.

पियानो वाजवणाऱ्यांच्या हातांची जी दुखणी असतात, त्यांतली पुष्कळशी या निरुपयोगी दाबण्यातून येतात असं माझं मत आहे. अवघड रचना हाताला त्रास देते ती जोर फार मागते म्हणून नव्हे. जोर लावून झाल्यावर तो उतरवायला ती सवड देत नाही. मेट्रोनोमवर (लय मोजून देणाऱ्या यंत्रावर) १४४ ची, म्हणजे मिनिटाला १४४ मात्रांची, लय आणि मात्रेला चार सूर म्हणजे सेकंदाला साडेनऊच्या वर सूर झाले. प्रत्येक सुरामागे थोडासा जोर मागे राहिला, तर दहा सेकंदांत शंभराच्या आसपास थर साचतात. पहिलं पान छान जातं, दुसऱ्या पानावर हात ताठतो, तिसऱ्यावर करंगळी पट्टीवर पडेनाशी होते. मग वादक म्हणतो, माझ्या बोटांत ताकद कमी आहे. आणि ताकद वाढवण्याच्या नादात तोच उरलेला जोर आणखी वाढवून बसतो.

‘हात सैल सोड’ हा सल्ला शिकवणीत जितका ऐकू येतो तितका कामी येत नाही. खरोखर सैल सोडलेला हात पट्ट्यांवर राहतच नाही, मांडीवर येऊन पडतो. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला, जर्मन पियानो-शिक्षक रुडॉल्फ ब्राइटहाउप्ट यांच्या प्रभावाने, सगळं काही हाताच्या वजनाने आणि सैलपणाने वाजवायचं अशी एक लाट आली होती. पुढे बाल्टिमोरच्या पीबडी कॉन्झर्व्हेटरीतले ऑटो ऑर्टमन यांनी १९२० च्या दशकात वादकांच्या हालचाली उपकरणं लावून तपासल्या. वेगाने किंवा जोराने वाजवताना सांधे क्षणभर घट्ट व्हावेच लागतात, असा त्यांचा निष्कर्ष होता. ते सहज पटण्यासारखं आहे. आघाताच्या क्षणी बोटाचं शेवटचं पेर आत मोडलं, तर दंडाकडून आलेला जोर तिथेच वाया जातो आणि तो भरून काढायला मनगट आवळलं जातं. तेव्हा घट्टपणा लागतोच. तो किती वेळ टिकतो, एवढंच बघायचं.

हे एका सुरावर तपासता येतं. उजव्या हाताचं मधलं बोट मधल्या सप्तकातल्या ई-वर (सी, डी, ई, एफ, जी, ए, बी या सात पांढऱ्या पट्ट्यांतल्या तिसरीवर) ठेवा. आधी पट्टी इतक्या सावकाश दाबा की सूर उमटूच नये. ग्रँड, म्हणजे मोठ्या आडव्या, पियानोवर तळाच्या जरा आधी बोटाला एक बारीकसा अडथळा लागतो. हातोडी सुटते ती हीच जागा. जोर पोचवायचा तो इथपर्यंत. आता तोच सूर मध्यम आवाजात वाजवा आणि पट्टी खालीच धरा. मग दाब कमी करत जा, पट्टी वर यायला लागेपर्यंत. ती हलली की दाब किंचित वाढवा. पट्टी खाली राखायला लागतो तो इतकाच दाब, आणि ती खाली न्यायला लागला त्याहून तो कमी असतो. बहुतेकांना याचं पहिल्यांदा नवल वाटतं, कारण ते याच्या कितीतरी पट दाबून धरत असतात. पाचही बोटांनी हे करून बघा. अनामिकेला आणि करंगळीला वेळ जास्त लागेल, कारण या दोन बोटांवर आपला विश्वास कमी असतो आणि अविश्वास असला की आपण दाबतो.

पुढची पायरी दोन सुरांची. पहिला सूर, मग त्याचा दाब उतरलेला जाणवेपर्यंत थांबायचं, मग दुसरा. थांबायचा वेळ हळूहळू घटवत न्यायचा. इथे घाई करणारे फसतात: सूर दोन झाले की पहिल्या बोटाचा दाब उतरण्याआधीच दुसरं बोट कामाला लागतं आणि आपल्याला ते कळतही नाही. कळून घ्यायचं असेल तर मोकळ्या हाताची दोन बोटं वाजवणाऱ्या हाताच्या कोपराखाली, आतल्या मांसल भागावर टेकवा. प्रत्येक सुराला तिथे एक उसळी जाणवली पाहिजे आणि दोन सुरांमध्ये ती पूर्ण बसली पाहिजे. उसळ्या न जाणवता सलग टणकपणा लागला, तर दाब उतरत नाहीये.

तिथेच का बघायचं, याला कारण आहे. बोटं वाकवणारे लांब स्नायू बोटांत नसतातच. ते कोपर ते मनगट या भागात असतात आणि बोटांपर्यंत पोचतात त्या त्यांच्या कंडरा, म्हणजे स्नायूंना हाडांशी जोडणाऱ्या चिवट दोऱ्या. मनगटाच्या आतल्या बाजूच्या अरुंद बोगद्यातून अशा नऊ कंडरा आणि एक मज्जातंतू दाटीवाटीने जातात. बोटं उचलणारे स्नायू हाताच्या वरच्या अंगाला आहेत. शिवाय तळहातातले छोटे स्नायू बोट मुळाशी वाकवतात, बोटं फाकवतात आणि मिटवतात. वाकवणारे आणि उचलणारे एकाच वेळी आवळले गेले, तर बोट जागच्या जागी ताठ राहतं आणि दोन्हीकडचे श्रम फुकट जातात. ‘बोटं उंच उचलून आपट’ अशा पद्धतीने वर्षानुवर्षं सराव केलेल्या हातांत हे हमखास दिसतं. बोट उचललेलं असतानाच खाली आणायचा जोर सुरू होतो. बोट पट्टीला टेकूनच सूर वाजला तर हा संघर्ष मुळातच टळतो.

अनामिकेचा प्रश्न वेगळा. हाताच्या पाठीवर तिच्या कंडरेला शेजारच्या कंडरांशी जोडणाऱ्या पट्ट्या असतात, त्यामुळे बाकीची बोटं खाली धरून ती एकटी फार वर येतच नाही. ही शरीराची रचना आहे, आळस नव्हे. संगीतकार रॉबर्ट शुमान यांनी विशीच्या सुरुवातीला बोटांसाठी एक यंत्र वापरलं आणि १८३२ च्या सुमारास त्यांचा उजवा हात वादनाच्या दृष्टीने जायबंदी झाला. यंत्रामुळेच झाला की आणखी कशामुळे, यावर अजून वाद आहे. पण बोटांना वजनं बांधणं, स्प्रिंगा दाबत बसणं असल्या उपायांपासून लांब राहायला एवढं उदाहरण पुरे. पियानोवादक-संगीतकार शोपँ यांचा विचार नेमका उलटा होता. सगळी बोटं सारखी करायच्या मागे लागू नये, प्रत्येकाचा गुण ओळखून त्याला काम द्यावं, असं ते मानत. विद्यार्थ्याचा हात ते ई, एफ शार्प, जी शार्प, ए शार्प, बी या पाच पट्ट्यांवर ठेवायला लावत (इथे शार्प म्हणजे त्या सुराच्या लगेच उजवीकडची काळी पट्टी). लांब बोटं उंच काळ्या पट्ट्यांवर आणि आखूड अंगठा-करंगळी पांढऱ्यांवर, म्हणजे हात आपसूक गोलसर बसतो. स्केलमध्येही, म्हणजे सुरांच्या क्रमवार चढ-उतारातही, आधी बी मेजर आणि फक्त पांढऱ्या पट्ट्यांचं सी मेजर सगळ्यांत शेवटी. आजही नवशिक्याला पहिल्याच दिवशी सी मेजर देतात ते वाचायला सोपं म्हणून. हाताला ते सगळ्यांत गैरसोयीचं.

बसण्याबद्दल थोडक्यात. कोपराचं टोक पांढऱ्या पट्ट्यांच्या पातळीला किंवा जरासं वर. स्टूलच्या पुढच्या अर्ध्या भागावर बसायचं, पाय जमिनीला पूर्ण टेकलेले, आणि अंतर इतकं की दोन्ही हात समोर मध्यभागी आणले तरी कोपरं पोटाला घासू नयेत. फार खाली बसलं की मनगट लोंबतं आणि बोटं वर ओढली जातात. फार वर बसलं की खांदे उचलले जातात. दोन्ही टोकांच्या शेवटच्या पट्ट्यांपर्यंत एकेकदा झुकून बघा. तोल पायांवर न येता कंबर आखडत असेल तर स्टूल हलवायला हवं. पियानोवादक ग्लेन गूल्ड वडिलांनी कापून आखूड केलेल्या खुर्चीवर, जमिनीपासून ३५ सेंटीमीटरच्या आसपास बसत, आणि होरोविट्झही खाली बसून सपाट बोटांनी वाजवत, हे खरं आहे. पण त्यांच्या आवाजाची आणि शरीराची गणितं त्यांची होती. त्यांची खुर्ची उचलून आणली म्हणून बोटं मागोमाग येत नाहीत.

अंगठ्याकडे मात्र सगळ्यांनी जास्त लक्ष द्यायला हवं, कारण मनगटाच्या अंगठ्याकडच्या कडेची दुखणी सगळ्यांत चिवट. स्केल वाजवताना तिसऱ्या बोटानंतर अंगठा तळहाताखालून पुढे न्यायचा, असं शिकवलं जातं. सावकाश लयीत ते चालून जातं. वेग वाढला की अंगठा तळहाताखाली आधीच मुडपून तयार राहतो आणि त्याला जागा द्यायला मनगट करंगळीकडे मुरडतं. आवळलेला अंगठा आणि मुरडलेलं मनगट या जोडीनेच तिथल्या कंडरांचं आवरण सुजतं. वेगात अंगठ्याला इतका लांबचा फेरा मारायची गरजच नसते. कोपरापासूनचा हात कडेला सरकतो, त्याच्याबरोबर पंजा नव्या जागी येतो आणि अंगठा तळहाताच्या बाजूलाच राहून पट्टीवर पडतो. मधे केसाएवढी फट पडते, पण त्या वेगात ती कानाला कळत नाही.

याचा सराव असा: सी-डी-ई हे तीन सूर एकदम, कॉर्डसारखे वाजवा. हात उचलून पुढच्या एफ-जी-ए-बी या चार सुरांवर न्या आणि तेही एकदम वाजवा. मनगट सरळ राहिलं पाहिजे आणि उडी कोपराने मारली पाहिजे. हे बिनचूक जमलं की प्रत्येक गट अगदी किंचित फोडा, म्हणजे सूर एकामागोमाग पण घाईने पडतील. वेगवान स्केल हाताला असा लागतो. सावकाश स्केल वाढवत नेलं तर तो तसाच लागेल याची खात्री नाही. सरावातला हा मोठा गैरसमज आहे: मेट्रोनोम दोन-दोन घरांनी वाढवत न्यायचा आणि एक दिवस वेग गाठायचा. चालण्याच्या हालचाली कितीही भराभर केल्या तरी ते धावणं होत नाही, आणि इथेही सावकाश लयीत चालणारी हालचाल एका टप्प्यावर अडते. तिथेच लोक जोर लावून पुढे रेटतात.

हात फिरण्याचाही विचार करावा लागतो. कोपर ते मनगट या भागात दोन हाडं आहेत आणि तळहात पालथा करताना एक हाड दुसऱ्यावरून तिरपं जातं. म्हणजे वाजवण्यासाठी आपण हात जवळजवळ त्याच्या फिरण्याच्या शेवटापर्यंत आणून ठेवतो. तिथे तो आवळून धरला की बोटांना एकट्यानेच सगळं करावं लागतं. त्याउलट सी-जी-ई-जी अशी डाव्या हाताची साथ घ्या. करंगळीच्या सी-वरून अंगठ्याच्या जी-वर जाताना हात किंचित अंगठ्याकडे फिरला, मधल्या बोटासाठी परत फिरला, तर बोटांना जवळजवळ काहीच करावं लागत नाही. अमेरिकेतल्या डोरोथी टॉबमन यांनी आपल्या शिकवण्यात या फिरकीला मोठं स्थान दिलं होतं. आधी ती मोठी, डोळ्यांना दिसेल इतकी करायची. मग लहान करत न्यायची, शेवटी बघणाऱ्याला ती दिसतही नाही. ट्रेमोलो, म्हणजे दोन सुरांची भराभर आलटापालट, फक्त बोटांनी वाजवायचा प्रयत्न केला तर अर्ध्या मिनिटात हात भरून येतो. फिरकीने केला तर तेवढ्याच आवाजात बराच वेळ टिकतो. फिरकीला खांदा जोडायचा नाही, एवढं पथ्य. कोपर पंखासारखं उडायला लागलं की समजायचं, हालचाल चुकीच्या जागेहून सुरू होतेय.

आता ऑक्टेव्ह, म्हणजे एका सप्तकाच्या अंतरावरचे दोन सूर एकदम. बहुतेक पियानोंवर ऑक्टेव्हचं अंतर साधारण १६५ मिलिमीटर. मध्यम पंज्याला ते पुरतं, लहान पंज्याला पुरेपूर ताणावं लागतं. दोष सहसा अंतरात नसतो. पंजा त्या अंतरावर कायमचा उघडा धरून ठेवण्यात असतो. अंगठा आणि करंगळी फाकवलेली, मधली तीन बोटं वर खेचून धरलेली, आणि मनगटातून ठोकणं चाललेलं: या अवस्थेत सोळा ऑक्टेव्ह जातात, चौसष्ट जात नाहीत. शोपँच्या ए फ्लॅट मेजरमधल्या पोलोनेजचं (पोलिश नृत्यावर आधारलेल्या रचनेचं), ओपस म्हणजे रचनाक्रमांक ५३ चं, उदाहरण घ्या. मधल्या भागात डावा हात ई, डी शार्प, सी शार्प, बी हे चार ऑक्टेव्ह उतरतो आणि पुन्हा ई-वर येऊन तेच चालू ठेवतो, कितीतरी वेळ. सुरुवात हळू आवाजात आहे आणि मग आवाज चढत जातो.

या चार ऑक्टेव्हकडे पट्ट्यांच्या रंगांनुसार बघा: पांढरी, काळी, काळी, पांढरी. काळ्या पट्ट्या आत आणि उंच. म्हणजे हात ई-वर पट्टीच्या बाहेरच्या कडेजवळ सुरू होतो, डी शार्पला जरा आत व वर जातो, सी शार्पला आतच राहतो, आणि बी-ला पुन्हा बाहेर येतो. डावीकडे सरकत आत-बाहेर, आणि मग उजवीकडे ई-वर परत: एक चपटं वर्तुळ तयार होतं. चार सुटे ठोके मोजणारा हात चार वेळा थांबतो आणि चार वेळा निघतो. वर्तुळ फिरणारा हात एकदाच निघतो. जोर द्यायचा तो फक्त पहिल्या ई-ला, दंडाकडून, आणि उरलेले तीन त्याच झोकात पडू द्यायचे. बी-वरून ई-वर परतताना पंजा क्षणभर मिटतो. मिटायलाच हवा. ही उसंत चार ऑक्टेव्हमागे एकदा मिळते, आणि संपूर्ण भाग वाजवता येणार की नाही हे तिच्यावर ठरतं. करंगळी टणक हवी, अंगठा हलका. बहुतेक हातांत नेमकं याच्या उलट असतं. अंगठा पट्टीवर रुतलेला आणि करंगळी ओढत येणारी. आठवडाभर फक्त करंगळीची ओळ त्याच वर्तुळात वाजवली आणि अंगठा हवेतच सोबत फिरवला, तर ते दुरुस्त होतं. आणि कृपा करून पहिल्याच ओळीत सगळा आवाज खर्च करू नका. हा भाग अवघड होतो तो अर्ध्याअधिक वेळा लवकर चढवलेल्या आवाजामुळे. रचनेवर शोपँने ‘माएस्तोसो’, म्हणजे भारदस्तपणे, असं लिहिलंय, शर्यत असं नाही.

उरलेल्या जोराचा सगळ्यांत नमुनेदार सापळा शोपँच्याच ओपस १० मधल्या दुसऱ्या एट्यूडमध्ये, म्हणजे तंत्राच्या सरावासाठी लिहिलेल्या रचनेत, आहे. उजव्या हाताच्या मधल्या बोटाने, अनामिकेने आणि करंगळीने लागोपाठचे काळे-पांढरे सूर चढायचे-उतरायचे, आणि अंगठा व तर्जनी या दोघांनी प्रत्येक चौकडीच्या पहिल्या सुरापाशी छोटीशी कॉर्ड वाजवायची. सगळ्यांचं लक्ष अशक्त बोटांकडे जातं. खरी मेख अंगठ्यात आणि तर्जनीत आहे. कॉर्ड तुटक लिहिलेली आहे. वाजली की या दोघांचं काम संपलं. ती दोघं चिमटीसारखी आवळून राहिली तर बाकीच्या तिघांना हलायला जागाच उरत नाही, कारण त्यांच्या कंडरा शेजारीशेजारीच धावतात. म्हणून सरावाची सुरुवात फक्त कॉर्डपासून करावी: वाजवा, आणि लगेच अंगठा लोंबू द्या. तो खरंच लोंबतोय का, हे दुसऱ्या हाताने हलवून बघा. मग कॉर्डनंतर एकच सूर, मग दोन, मग चार. चढताना लांब बोट आखूड बोटावरून जातं तेव्हा मनगट किंचित वर येऊ द्यावं आणि कोपर त्या दिशेला आधीच निघालेलं असावं. हा एट्यूड एका वेळी पाच मिनिटांहून जास्त घोटू नये, असं मी म्हणेन. त्याच पुस्तकातल्या पहिल्या एट्यूडलाही हाच न्याय: लांबलचक फाकलेले आर्पेजिओ (सूर एकामागोमाग उलगडलेल्या कॉर्ड) आहेत, पण पंजा फाकवून ठेवायचा नाही. तर्जनी मधला टेकू, तिच्याभोवती हात सरकतो, आणि मागे सुटलेली बोटं ताबडतोब जवळ येतात. सूर धरून ठेवायचं काम पेडलवर सोपवावं. पेडल खाली असताना बोटाने सूर धरून ठेवणं ही जोर साठवायची आणखी एक जागा.

रशियन संगीतकार अलेक्सांद्र स्क्रियाबिन यांनी मॉस्कोत विद्यार्थी असताना, १८९१ च्या सुमारास, लिस्टची ‘डॉन जुआन’ फँटसी आणि बालाकिरेव्हचं ‘इस्लामे’ यांच्यामागे लागून उजवा हात दुखावून घेतला. डाव्या हातासाठीच्या त्यांच्या ओपस ९ मधल्या दोन रचना १८९४ च्या. या गोष्टीला अनेकदा शौर्याचा रंग दिला जातो. माझ्या मते तो सरावाच्या नियोजनाचा प्रश्न होता: दोन्ही रचना सारख्याच प्रकारचे श्रम मागणाऱ्या, आणि त्या एकाच वेळी हातात घेतलेल्या.

नियोजनात सगळ्यांत घातक असते ती अचानक झालेली वाढ. रोज तासभर वाजवणारा कार्यक्रमाआधीच्या पंधरवड्यात चार तासांवर जातो, आणि दुखणं त्याच पंधरवड्यात येतं. सराव वीस-पंचवीस मिनिटांच्या तुकड्यांत करावा आणि मधे पाच मिनिटं हात पूर्ण मोकळे ठेवावेत. त्यांत फोनवर अंगठे चालवले तर ती विश्रांती नव्हे. थंड हातांनी ऑक्टेव्ह सुरू करू नयेत. आधी कोमट पाण्यात हात धरावेत किंवा दहा मिनिटं सावकाश, हळू आवाजात काही वाजवावं. अवघड ओळ सत्राच्या सुरुवातीलाही नको आणि शेवटीही नको, दुसऱ्या तुकड्यात असावी. एखादी ओळ तीनदा लागोपाठ बिघडली तर चौथ्यांदा तशीच वाजवू नये. हात बाजूला ठेवून ती मनात, बोटांसकट, सावकाश वाजवून बघावी. बिघाड पुष्कळदा पुढचा सूर कुठे आहे हे नेमकं ठाऊक नसण्यात असतो. ठाऊक नसलं की हात सावधगिरी म्हणून आवळून घेतो. जबडा आणि श्वास यांवरही अधूनमधून लक्ष ठेवावं. श्वास रोखलेला आढळला की हातातही काहीतरी रोखलेलं सापडतं.

वाद्याचाही वाटा असतो. अपराइट, म्हणजे उभ्या, पियानोत पट्टी पुन्हा वाजायला बरीच वर यावी लागते. ग्रँडमध्ये पियानो बनवणारे सेबास्तियन एरार यांनी १८२१ मध्ये पेटंट घेतलेल्या दुहेरी सुटकेच्या यंत्रणेमुळे ती अर्ध्यातूनही वाजते. तेव्हा एकाच सुराची वेगवान पुनरावृत्ती अपराइटवर अडली तर दोष बोटाला देऊ नये. पट्टीचा आतला भाग, काळ्या पट्ट्यांच्या मधला, तरफेच्या टेकूजवळ असल्याने बाहेरच्यापेक्षा जड लागतो. तिथे अंगठा टाकावा लागत असेल तर बोटांचा क्रम बदलून बघावा. डिजिटल पियानोवर आवाज कमी ठेवून वाजवणारे नकळत जोर वाढवतात, कारण कानाला हवा तेवढा आवाज मिळत नाही. उपाय साधा आहे, आवाज वाढवावा किंवा हेडफोन लावावेत. लहान पंज्यांसाठी तर खुद्द योझेफ होफमन यांचा दाखला आहे. जगभर नाव असलेल्या या वादकासाठी स्टाइनवे या पियानो-कंपनीने किंचित अरुंद पट्ट्यांचे पियानो बनवून दिले होते. ज्यांना तशी सोय नाही त्यांनी दहा सुरांच्या अंतराच्या कॉर्ड खालून वर झटकन उलगडाव्यात, आतला एखादा सूर दुसऱ्या हाताला द्यावा, नाहीतर सरळ वगळावा. कॉर्डमधला दुहेरी आलेला सूर गेल्याने कुणाची झोप उडत नाही.

दुखण्याचे प्रकार ओळखता यायला हवेत. वाजवल्यानंतर येणारा मंद थकवा, जो रात्रभरात जातो, त्याची काळजी नको. वाजवताना एकाच जागी टोचणारी वेदना आली तर त्या दिवशीचा सराव तिथेच थांबवावा. ‘वेदनेतून वाजवत राहा, सवय होईल’ असं सांगणाऱ्या शिक्षकाकडे पुन्हा जाऊ नये. अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट बधिर होत असेल, विशेषतः रात्री, तर मनगटाच्या बोगद्यातल्या मज्जातंतूवर दाब असू शकतो. करंगळी आणि अनामिकेत मुंग्या येत असतील तर कोपराकडे संशय जातो. अंगठा मुठीत घेऊन मूठ करंगळीकडे वाकवल्यावर मनगटाच्या कडेला कळ आली, तर अंगठ्याच्या कंडरा. यांपैकी काहीही आठवडाभरात कमी होत नसेल तर हाताच्या डॉक्टरांकडे जावं, आणि जाताना वाजवतानाचा दोन मिनिटांचा व्हिडिओ न्यावा. बसण्याची उंची आणि मनगट त्यात दिसतं. तोंडी सांगून ते कळत नाही.

एक प्रकार असा की त्यात दुखतच नाही. फक्त पियानोवर, आणि बहुधा ठरावीक हालचालीतच, एखादं बोट आपोआप आत वळतं किंवा वर उचललं जातं. हा डिस्टोनिया, स्नायूंवरचं मेंदूचं नियंत्रण बिघडण्याचा विकार. अमेरिकन पियानोवादक लिऑन फ्लायशर यांच्या उजव्या हाताची अनामिका आणि करंगळी १९६० च्या दशकात अशी वळायला लागली. त्यांनी पुढची तीन दशकं डाव्या हातासाठीच्या रचना, शिकवणं आणि वाद्यवृंद संचालन यांत काढली, आणि १९९० च्या दशकात स्नायू सैल करणाऱ्या बोटॉक्सच्या इंजेक्शनांनंतर ते दोन हातांच्या वादनाकडे परतले. यात जास्त सराव केला तर बोट आणखी वळतं. सरावाने सगळं सुटतं, हा विश्वास इथे उलटा पडतो.

विश्रांतीनंतर परतताना, डॉक्टरांनी होकार दिल्यावर, पहिले काही दिवस पाच मिनिटांची दोन सत्रं पुरेत, एका वेळी एकच हात, हळू आवाजात, पाच बोटांच्या टप्प्यात बसणारं काहीतरी. दर दोन-तीन दिवसांनी प्रत्येक सत्र दोन मिनिटांनी वाढवावं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी हात जड वाटला तर एक पायरी मागे यावं. आधी मिनिटं वाढवावीत, मग वेग, मग आवाज. तिन्ही एकाच दिवशी नकोत. ज्या रचनेने हात दुखावला ती जुन्याच बोटक्रमाने सुरू करू नये. हात त्या क्रमाबरोबर तो जुना दाबही ओळखतो, म्हणून नवा क्रम लिहून काढावा, भले तो थोडा गैरसोयीचा असो. ऑक्टेव्ह आणि फाकलेल्या कॉर्ड सगळ्यांत शेवटी, आणि त्या आल्यावरही पहिला आठवडा चार-चारच्या गटांत, प्रत्येक गटानंतर पंजा मिटवून.